वरचा मजला, खालचा जिना

आमच्या घराचा इतिहास विचारायला अजूनही कोणी ना कोणी येतं. गळ्यात कॅमेरा, पायाला मळ्यातला चिखल. अंगणात उभं राहून भिंतीवर हात फिरवतात आणि विचारतात, आजी, ही वीट बादशाही ना? मी म्हणते, हो बाप्पा, बादशाही. मग मान वर करून विचारतात, मग वरचा मजला असा लालभडक का? मी म्हणते, ती भट्टीची वीट. एवढ्यावर त्यांचं समाधान होतं. चहा पितात आणि ऑटोत बसून निघून जातात. जिन्याबद्दल कोणी विचारत नाही. जिन्याच्या वरच्या तोंडाला दार आहे आणि त्या दाराची कडी वरच्या बाजूनं आहे, हे कोणाच्या नजरेलासुद्धा येत नाही. आणि म्हणे इतिहास पाहायला आलो.

घर बुऱ्हाणपूर शहराच्या बाहेर, धूलकोटच्या वाटेला, केळीच्या मळ्यात. माझ्या सासऱ्यांच्या आजोबांनी बांधलं. त्यांचा कापसाचा धंदा, इतवारा बाजारात दुकान. कापसाच्या धुळीनं छाती भरली म्हणून वैद्यानं मोकळ्या हवेत राहायला सांगितलं. मळ्यात विहीर खणायला घेतली तर पाण्याआधी विटा लागल्या. बुऱ्हाणपुरात यात नवल काही नाही, इथं खड्डा खणला की कुणाचं तरी राज्य लागतंच. त्या विटा बोटभर जाडीच्या, काळपट, आणि आपटली तरी फुटायची नाही अशी एकेक. आजोबांनी त्याच काढून घर उभं केलं. चुन्यात गूळ, बेलाचा गर आणि उडदाचं पीठ घातलेलं, त्यामुळे उन्हाळ्यात मुंग्यांची रांग भिंतीला लागते ती आजतागायत. भिंती इतक्या रुंद की जिना भिंतीच्या पोटातूनच काढला. एका वेळी एकच माणूस मावेल असा, अंधारा, मध्ये एक वळण. कोणी उतरत असेल तर चढणाऱ्यानं खाली थांबायचं, अशी रीत.

तळमजला होईपर्यंत बादशाही विटा संपल्या. वरच्या मजल्याला मग भट्टीच्या जाड, लाल विटा विकत आणल्या. म्हणून घर असं दोन रंगांचं. माझे सासरे, मामंजी, सांगायचे की खालच्या विटा कुठल्याशा बेगमच्या हमामाच्या आहेत, यांना राणीचं अंग लागलेलं आहे. पुरावा काय, तर कोठीच्या खोलीत एक नळीसारखं भोक आहे. मला विचाराल तर ते धुराडं आहे. पण मला कोणी विचारलं नाही, आणि मी सून होते.

घरात दोन भाऊ. मामंजी थोरले, ते केळीची शेती पाहायचे. काका धाकटे, ते तीच केळी वॅगनीत भरून दिल्लीकडे पाठवायचे. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी. आधी माझ्या सासूबाई या घरात आल्या आणि मागाहून त्यांनीच आपली धाकटी बहीण दिराला करून आणली. सासूबाईंना मूल झालं ते एकच, माझे यजमान. काकांना मूलबाळ नाही. त्यामुळे यजमानांना दोघींनी मिळून वाढवलेलं, आणि धाकटीला ते मावशीकाकू म्हणायचे, कारण ती मावशीही होती आणि काकूही. मीही तेच म्हणू लागले.

आता त्या वर्षांत काय चाललं होतं ते सांगते. इंग्रज गेले होते, राजेरजवाडे विलीन झाले होते, सगळा देश एकाला एक जोडायचं काम चाललं होतं. ते होतंय तोच भाषेवरून राज्यांच्या हद्दी नव्यानं आखायच्या असं निघालं. आमचं गाव तेव्हा जुन्या मध्य प्रदेशात, राजधानी नागपूर. नागपूर तर जाणार म्हणे मराठी मुलखात. मग बुऱ्हाणपूर कुठं जाणार? इतवाऱ्यात भाजीवालीसुद्धा वांगी तोलता तोलता आपलं मत द्यायची.

मामंजी म्हणायचे, खानदेशात, म्हणजे मुंबई राज्यात. त्यांचा मुद्दा एकच होता आणि तो ते दिवसातून अनेकदा मांडत. तापीमाय कुठं जाते? भुसावळकडे. मग आपण कुठं जायचं? मायच्या मागं. काका म्हणायचे, पाणी वाहतं म्हणून माणसानंही वाहत जायचं काय? आपली केळी दिल्लीला जातात, आपलं कोर्ट खांडव्याला, आपला अर्धा बाजार हिंदीत बोलतो. आपण नवीन मध्य प्रदेशातच राहणार, भोपाळकडे. दोघांनाही विचारायला सरकारचं कोणी येणार नव्हतं. पण दोघं असे भांडायचे की जसा काही निकाल आमच्या ओसरीवरच लागायचा होता.

एके दिवशी जेवताना मामंजी म्हणाले की ज्याला भोपाळ पाहिजे त्यानं भोपाळात जाऊन जेवावं. काका भरल्या ताटावरून उठले. आमच्याकडे भरल्या ताटावरून उठणं म्हणजे साधी गोष्ट नाही, अन्नाचा अपमान तो, त्यानंतर माघार नसते. दुसऱ्या दिवशी काकांनी वाटणी मागितली.

वाटणीची आमच्यात जुनी रीत आहे. थोरल्यानं वाटे करायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचा. म्हणजे थोरला लबाडी करू शकत नाही, केली तर आपल्याच गळ्यात येते. चार पंच बसले, आणि मामंजींनी वाटे केले. शेत सरळ अर्धं अर्धं केलं, त्यात काही नव्हतं. घराचे वाटे मात्र असे: एका वाट्यात तळमजला आणि जिना. दुसऱ्या वाट्यात वरचा मजला आणि गच्ची. जिना नाही.

पंचांनी दोनदोनदा विचारलं, भाऊ, वरच्यानं खाली यायचं कसं? मामंजी म्हणाले, ते ज्याचं त्यानं बघावं.

यातली गोम सासूबाईंनी मला पुढं सांगितली. मामंजींना वाटणी नकोच होती. त्यांनी मुद्दाम असे खुळ्यासारखे वाटे केले की ते पाहून धाकटा हसेल, म्हणेल दादा, हा काय येडेपणा, आणि विषय तिथंच मिटेल. बिनजिन्याचा मजला कोण शहाणा उचलेल? आणि खालचा उचलला तर थोरल्या भावाला अधांतरी लटकावल्याचं पाप लागेल, ते धाकट्याच्यानं व्हायचं नाही. हिशेब पक्का होता. फक्त धाकटाही त्याच आईच्या पोटचा होता, हे मामंजी विसरले.

काका म्हणाले, वरचा मजला माझा.

झालं. बांबूची शिडी आली, बाहेरून सज्जाला टेकवली गेली. मामंजींना राग असा आला की त्यांनी अंगणातल्या जुन्या ओट्याच्या बादशाही विटा उपटून जिन्याचं वरचं तोंड आतून बंद करून टाकलं, माझ्या जिन्यावर कोणी पाय ठेवायचा नाही म्हणून. रिकाम्या जिन्याचं करायचं काय, तर पायरीपायरीवर कांदे साठवले. पंच पुन्हा समजवायला आले, तर त्यांच्यापुढून उठता उठता मामंजी एवढंच बोलले की गाव भोपाळकडे गेलं तर मी स्वतःच्या हातानं जिना उघडीन आणि वर येऊन तुझ्या ताटात जेवीन. काकांनीही तिथंच सांगितलं, गाव खानदेशात गेलं तर मी शिडीनं उतरून दादाच्या पंगतीला बसेन. तोवर राम राम.

भांडण पुरुषांचं, आणि ताटातूट झाली बहिणींची. मावशीकाकूंचे गुडघे दुखायचे, शिडी उतरणं त्यांच्यानं होईना. त्या वर गेल्या त्या गेल्याच. सासूबाई शिडी चढायला गेल्या तर मामंजी आडवे, म्हणे माझ्या घरची बाई शिडीवर लोंबकळणार नाही. सासूबाईंना निकाल कुठला लागतो याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. "खानदेशात जा, भोपाळात जा, लंकेत जा," त्या विहिरीवर पाणी ओढताना म्हणायच्या, "पण लवकर जा रे बाबा. माझी बहीण मला खाली पाहिजे." दर सणाला त्या एक पाट जास्त मांडायच्या आणि मग उचलून ठेवायच्या.

या अशा घरात माझं लग्न लागलं. माझं माहेर रावेरकडचं, म्हणजे मुंबई राज्यातलं. मला वाटायचं मी दिसायला बरी म्हणून पसंत केली. कसलं काय, मामंजींना गावापुढं दाखवायला एक खानदेशी सून हवी होती. बैठकीत त्यांनी मला स्वयंपाकाचं काही विचारलं नाही, रावेरला तापीचं पाणी कसं आहे ते विचारलं.

वरात आली, उंबऱ्यावर माप ओलांडलं, तांदूळ सांडले, सगळं रीतसर झालं. मी आत वळणार तेवढ्यात यजमान हळूच म्हणाले, अजून एक आहे. मला कळेना. तर वरच्या मजल्याचं म्हणणं, मुलगा आमचाही आहे, सून आमच्याही घरात माप ओलांडून येईल. बरोबरच होतं त्यांचं. म्हणून मी, अंगावर शालू, कपाळाला मुंडावळ्या, हातात हिरवा चुडा, बांबूची शिडी चढले. वरून काका हात देत होते, खालून यजमान शिडी धरून होते, आणि माझ्या माहेरची माणसं अंगणात तोंडाचा आ करून उभी होती. माझी आत्या रडायला लागली. तिला वाटलं पोरीला माडीवर कोंडतायत. वर सज्जात दुसरं माप होतं, तेही ओलांडलं. तांदूळ खाली मामंजींच्या पागोट्यावर पडले. एका दिवसात मी मुंबई राज्यातही सून झाले आणि मध्य प्रदेशातही.

मग रोजचं सुरू झालं. गावातली माणसं आमच्या घराला हद्दीवरचा नाका म्हणू लागली. यजमान शाळेत भूगोल शिकवायचे, ते बिचारे खाली मुंबईवाले आणि वर भोपाळवाले. वर गेले की काका त्यांना हिंदी पेपर वाचायला देत, खाली आले की मामंजी मराठी. काका पहाटे उठून खडावा घालून मुद्दाम मामंजींच्या खाटेच्या डोक्यावर येरझाऱ्या घालायचे. मामंजी केळीच्या झाडाला लावायचा बांबूचा टेकू घेऊन छताला खालून ढोसायचे. मग मामंजी सासूबाईंना सांगायचे, आज मिरच्या भाज. मिरच्यांचा खकाणा वर जायचा, काका खोकून खोकून बेजार, आणि अर्धा खकाणा घरातच राहिल्यामुळे आम्हीही बेजार. मामंजी डोळे पुसत म्हणायचे, बघ कसा खोकतो. अहो, तुम्हीही खोकताय की. पण सांगणार कोण.

विटांवरूनसुद्धा चालायचं. मामंजी अंगणातून वर बघून म्हणायचे, आमची बादशाही वीट आहे, भट्टीची नव्हे. काका सज्जातून म्हणायचे, आमची पैसे देऊन आणलेली आहे, कुणाच्या न्हाणीतून उपटलेली नव्हे. आणि वरच्या विटा खालच्या विटांवर उभ्या होत्या, हे दोघांपैकी एकालाही दिसत नव्हतं.

बहिणींचं मात्र टोपलीवर चालायचं. वरच्या खिडकीतून दोरीला बांधलेली टोपली यायची. सासूबाई तिच्यात रोज काहीतरी ठेवायच्या, भाकरी, ठेचा, कधी शेवयांची खीर. आणि नुसतं ठेवायच्या नाहीत. अंगणात उभ्या राहून वर ओरडून सांगायच्या. डाळीत मीठ बेतानं घाल गं. लसूण जाळू नको. देवापुढचा दिवा विसरली नाहीस ना? केसांना तेल लावलंस का? वरून उत्तर यायचं नाही, टोपली तेवढी वर जायची. सासूबाई पदरानं डोळे टिपायच्या आणि मला म्हणायच्या, "बघ, रडतेय ती. म्हणून बोलत नाही." मग आत येऊन माझ्या भाजीत मीठ किती ते सांगायच्या. चिमूट माझ्या हातात असायची, पण ती कधी थांबवायची ते त्यांच्या तोंडात. मला याचा कंटाळा यायचा, पण बहिणीच्या दुःखानं पोळलेल्या बाईला काय बोलणार.

वर जायची परवानगी घरच्या बायकांत फक्त मला होती, कारण मी दोन्हीकडची सून. रोज दुपारी मी शिडी चढायचे. सासूबाई निरोप द्यायच्या, गुडघे कसे आहेत विचार. मी वर जाऊन विचारायचे. मावशीकाकू म्हणायच्या, आहेत की. एकदा तर त्या जात्यावर दळत बसल्या होत्या, मला पाहून हात न टेकता उठल्या आणि गच्चीवर पापड उलटायला गेल्या. माझ्या डोक्यात काही आलं नाही. मला वाटलं, मनाची मोठी बाई आहे, दुखणं दाखवत नाही.

वरचं घर बारकं होतं पण माझं मन तिथं रमायचं. मावशीकाकूंनी चूल खिडकीशी मांडली होती, बाहेर बघत भाकरी थापता यावी म्हणून. सासूबाई पाहत्या तर म्हणाल्या असत्या की वारा लागतो. आमटीत गूळ घालायच्या. दुपारी सरळ पाय पसरून झोपायच्या, आणि कोणी आलं तर उठायच्या नाहीत. जिन्याचं तोंड काकांनीही आपल्या बाजूनं लाल विटांनी लिंपून घेतलं होतं, दादाच्या कांद्याचा वास नको म्हणून. म्हणजे तिथं पाठीला पाठ लावून दोन भिंती होत्या आणि खाली मामंजींना एकीचीच खबर होती. काकांच्या बाजूनं भिंत थोडी आत राहिल्यामुळे छान कोनाडा तयार झाला होता. त्यात मावशीकाकूंनी आपले देव मांडले होते. माहेरहून आणलेली अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण. ही अन्नपूर्णा इतकी वर्षं खाली सासूबाईंच्या देवांच्या मागं असायची, आता पुढं होती. त्या तिला रोज केळीचं फूल वाहायच्या. केळीचं फूल देवाला कोण वाहतं? मी विचारलं तर म्हणाल्या, मी.

असं ते चाललं. निकाल आज लागतो, उद्या लागतो. सासूबाईंनी नवस बोलायला सुरुवात केली, पण नवसात राज्याचं नाव घालायचं की नाही हे त्यांना ठरवता येईना. शेवटी देवीला म्हणाल्या, तुला जे बरं वाटेल ते कर, पण माझी बहीण खाली आण.

दिवाळीच्या तोंडावर नवीन राज्यं झाली. आधी पेपरांत सगळं आलेलंच होतं, पण मामंजींचं म्हणणं, पेपरवाल्यांचं काय, तापी वळली तर मानीन. त्या दिवशी यजमान इतवाऱ्यातून रेडिओ ऐकून आले. नागपूर गेलं मुंबई राज्यात. बुऱ्हाणपूर राहिलं नवीन मध्य प्रदेशात, राजधानी भोपाळ. वर काकांनी खडावा घालून चांगला नाच केला. आमच्या डोक्यावर चुन्याची धूळ पडली. मामंजी तोंडावर उपरणं घेऊन पडले. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही असा माणूस, पण त्या दिवशी मला त्यांची फार दया आली. संध्याकाळी नदीकडे जाऊन आले आणि म्हणाले, पाणी अजून तिकडंच जातंय. मग म्हणाले, उद्या गवंडी बोलावा. शब्द म्हणजे शब्द.

सासूबाईंना झोप कसली. पहाटेपासून करंज्या तळल्या. ताटात हळदीकुंकू, खण, नारळ ठेवलं. बहिणीचा पाट मांडला, आणि त्या दिवशी तो उचलून ठेवायचा नव्हता. मला सांगितलं, ती आली की तिला माझ्या उजव्या हाताला बसव, पोळ्या तिच्याकडून लाटून घेऊ, तिला गोल जमतात, फक्त जाड करते, ते मी बघेन.

जिन्यातले कांदे मी आणि यजमानांनी टोपल्यांनी बाहेर काढले. गवंडी चढला. मामंजींनी पहिला घाव स्वतः घातला, बोलल्याप्रमाणे. त्यांची भिंत बादशाही विटांची, चुनाही गुळाचा, फुटता फुटेना. शेवटी एकदाची पडली. धूळ बसली, आणि समोर लाल भिंत.

मामंजी बघतच राहिले. पलीकडून काकांचा आवाज आला, कोण आहे? मामंजी म्हणाले, मी. काका म्हणाले, कोण मी? मामंजी म्हणाले, "हरलेलं राज्य. दार उघड."

पलीकडे काका हसायला लागले. हसता हसता त्यांचा आवाज बदलला, आणि ते म्हणाले, थांब दादा, थांब, मी काढतो. वरची एक वीट त्यांनी ओढली. उजेडाचा एक चौकोन जिन्यात पडला. दुसऱ्या विटेला हात घातला असेल नसेल, तोच मावशीकाकूंचा आवाज आला, इथं माझे देव आहेत, भिंतीला हात लावू नका. काका म्हणाले, देव हलवू. त्या म्हणाल्या, नाही. मावशीकाकूंनी नवऱ्याला नाही म्हटलेलं मी आजवर ऐकलं नव्हतं. काकांनीही नसावं, कारण काढलेली वीट हातात घेऊन ते मागं सरले.

सासूबाई तोवर ताट घेऊन खालच्या पायरीशी आल्या होत्या. जिन्यात एकच माणूस मावतो, त्यामुळे मामंजी खाली उतरले, गवंडी उतरला, मी वळणापाशी भिंतीला चिकटून उभी राहिले आणि त्या वर चढल्या. सासूबाईंचे केस चुन्यानं पांढरे, डोळ्यांत पाणी. त्या भोकाला तोंड लावून म्हणाल्या, "छोटे, मी आलेय गं. देव जरा बाजूला कर. तुझ्या गुडघ्यांना आता शिडी नको. पाट मांडलाय तुझा."

भोकात मावशीकाकूंचा चेहरा दिसला. तेवढाच, एका विटेएवढा.

"ताई, माझे गुडघे चांगले आहेत," त्या म्हणाल्या. "आधीपासूनच चांगले आहेत."

सासूबाईंना काही समजलं नाही. मलाही क्षणभर नाही.

"मला उतरायचं नव्हतं," मावशीकाकू म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, त्या अगदी हळू बोलत होत्या. "माहेरी तुझ्या हाताखाली होते, इथंही तुझ्याच हाताखाली आले. तू माझं कधी वाईट केलं नाहीस, ताई. पण माझ्या डाळीत मीठ किती, ते मला आत्ता इथं आल्यावर कळलं. मला थोडं जास्त लागतं."

सासूबाई पायरीवर बसल्या. कांद्याची सालं तिथं पडलेली होती, त्यांच्यावरच बसल्या. ताट मांडीवर, त्यातल्या करंज्यांवर धूळ. खाली मामंजी खाकरले. मला एकीकडं सासूबाईंचा कळवळा आला आणि दुसरीकडं, खोटं कशाला बोलू, बरंही वाटलं. या बाईंनी किती पाट मांडले होते आणि उचलले होते. आणि वरची बाई इतके दिवस आमच्या डोक्यावर, दुपारी पाय पसरून, सुखानं झोपत होती.

करंज्यांवरची धूळ फुंकत सासूबाई म्हणाल्या, "मग मी वर आले तर चालेल तुला?"

हे विचारणं त्यांना किती जड गेलं ते मी पाहिलं. त्यांनी आयुष्यात कधी बहिणीला काही विचारलं नसेल, नेहमी सांगितलंच असेल.

मावशीकाकूंनी विचार केला. म्हणाल्या, "ये की. पण भिंत पाडून मोकळं नका ठेवू. दार बसवा. आणि कडी माझ्या बाजूनं."

मग भटजी आले, देव पूर्वेच्या भिंतीला नेऊन बसवले, लाल भिंत पडली आणि सागाचं दार बसलं. मामंजी बोलल्याप्रमाणे वर जाऊन काकांच्या ताटात जेवले. दोघं भाऊ त्या जेवणात एक अक्षर राज्याबद्दल बोलले नाहीत, केळीवरच्या रोगाबद्दल बोलले. मामंजींना आमटीतला गूळ आवडला नाही, पण त्यांनी दोनदा वाढून घेतली.

सासूबाई त्यानंतर रोज दुपारी जिना चढायच्या आणि दारावर टकटक करायच्या. बहुतेक वेळा कडी निघायची, दोघी बहिणी गच्चीवर पापड उलटत बसायच्या, हसायच्या, लहानपणीची गाणी म्हणायच्या. कधी कधी आतून नुसता आवाज यायचा, ताई, आज नको, मी झोपलेय. सासूबाई तशाच वळून उतरायच्या. सुरुवातीला पाय आपटत उतरायच्या. मग नुसत्याच उतरू लागल्या.

पण ते सगळं नंतरचं. ज्या दिवशी भिंत फुटली त्या दिवशी सासूबाई जिना उतरून खाली आल्या तेव्हा मी चुलीपाशी होते. मांडलेला पाट त्यांनी उचलला, भिंतीला टेकवून ठेवला. केसांतला चुनासुद्धा झटकला नव्हता. भाजी चुलीवर रटरटत होती आणि माझ्या हातात मिठाची चिमूट होती. सवयीनं मी थांबले. सवयीनं त्या म्हणाल्या, "मीठ..."

त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग वर छताकडे पाहिलं.

"घाल," त्या म्हणाल्या. "तुला लागेल तेवढं घाल."

मला किती लागतं ते मलाच ठाऊक नव्हतं. इतक्या दिवसांत कोणी विचारलंच नव्हतं, आधी आईनं नाही, मग सासूबाईंनी नाही. मी एक चिमूट टाकली, मग दुसरी टाकली, आणि खात्री वाटेना म्हणून तिसरीही टाकली. त्या संध्याकाळी भाजी खारट झाली. मामंजी, यजमान, सासूबाई, तिघांनी मान खाली घालून ती सगळी संपवली.